चार बोटं अलीकडे

सलिलने गाडी घेतली तेव्हा तिचा रंग पाहिला, मायलेज पाहिलं, मागच्या सीटवर तिघं ऐसपैस बसतात का ते स्वतः तिन्ही जागी बसून पाहिलं. लांबी तेवढी पाहायची राहिली. आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या बंगल्याचं गॅरेज अण्णांनी बांधलं होतं ते फियाटसाठी. अण्णा म्हणजे सलिलचे वडील. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते टूलरूमचे फोरमन होते आणि गरजेपेक्षा सूतभर मोठी वस्तू त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती.

तरीही गाडी बसली असती. अडचण होती ती स्कूटरची. अण्णांना जाऊन वर्ष होत आलं होतं, पण त्यांची निळी स्कूटर सुमतीबाईंनी विकू दिली नव्हती. पावसात गंजेल म्हणून ती पोर्चमधून गॅरेजमध्ये आणून टोकाच्या भिंतीला आडवी लावली होती. रोज सकाळी देवपूजा झाली की त्या जुना मऊ पंचा घेऊन जायच्या आणि ती आरशापासून चाकापर्यंत पुसायच्या. पुसताना तिच्याशी काहीतरी बोलायच्याही, पण ते कोणी ऐकायला जात नसे.

"तुझी गाडी खुशाल आत लाव," त्यांनी सलिलला पहिल्याच दिवशी सांगितलं. "पण ह्यांच्या स्कूटरला ओरखडा जरी आला ना, तर ती गाडी रस्त्यावर. मग मला समजवायला यायचं नाही."

रस्त्यावर गाडी लावण्यात काय सुख आहे ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. टपावर कुत्री झोपायची, आणि खोदकामाचा मुहूर्त कधी लागेल ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. सलिलने मान डोलावली आणि गाडी आत घ्यायला सुरुवात केली. सुमतीबाई स्कूटरशेजारी उभ्या राहिल्या.

"ये... ये... बस. बस रे. थांब!"

"आई, अजून भरपूर जागा आहे. तू घाबरू नको."

तो आणखी थोडा पुढे गेला आणि बंपर स्कूटरच्या चाकाला टेकला. नशिबाने नुसत्या रबराला. मागून क्षिप्रा, त्याची बायको, ओरडली, "अरे थांब म्हणाल्या ना त्या!"

"तुम्ही दोघी ओरडता ना, त्यानेच दचकायला होतं मला," सलिल काच खाली करून म्हणाला. "गाडीतलं गणित वेगळं असतं. तुम्ही आत जा बघू. मी करतो बरोबर."

दोघी एकमेकींकडे बघत आत गेल्या. त्यांनी पुन्हा कधी गाडीच्या बाबतीत तोंड उघडलं नाही, आणि सलिलला वाटलं, आपलं म्हणणं पटलं.

बरोबर करण्यासाठी सलिल ठाण्याच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघू लागला. पुढचे सेन्सर बसवायचा खर्च ऐकून त्याने फोन ठेवला होता. व्हिडिओत मात्र एक परदेशी गृहस्थ जवळजवळ फुकटात गाडी केसभर इकडेतिकडे न होता लावत होता. छताला दोरी, दोरीला टेनिसचा चेंडू. चेंडू काचेला टेकला की थांबायचं. संपलं.

सलिलने उर्वीचा, म्हणजे कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा, जुना चेंडू घेतला. घरात दोरा सापडला तो काळाच. दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी शटरमधून वारा आला, चेंडू आपणहून येऊन काचेला टेकला, सलिल थांबला, आणि शटर गाडीच्या डिकीवर आलं.

त्याहून मोठी पंचाईत झाली ती सकाळी. रखमाबाई गॅरेज झाडायला गेल्या आणि झाडू तिथेच टाकून परत आल्या.

"वैनी, त्ये काळ्या दोऱ्याला काय टांगलंय? कोणी केलंय आपल्या घरावर? म्या न्हाय जायची त्याच्या खालून."

त्यांना समजावलं, व्हिडिओ दाखवला, परदेशी गृहस्थ दाखवला. त्या हं हं म्हणाल्या. संध्याकाळी सलिल गाडी घेऊन आला तर चेंडूच्या शेजारी एक लिंबू आणि सात मिरच्या लोंबकळत होत्या. काचेला आधी लिंबू टेकलं.

मग सलिलने चेंडू वर गुंडाळून ठेवला आणि जमिनीवर लाकडी ठोकळा लावून पाहिला. पण गॅरेजला अण्णांनी उरलेल्या गुळगुळीत फरश्या बसवल्या होत्या, त्यामुळे चाक ठोकळ्याला लागलं की ठोकळाच पुढे चालू लागायचा. तो स्कूटरच्या दिशेने असा निमूट सरकत जायचा की सलिलला मध्येच ब्रेक मारून उतरावं लागायचं.

एके दिवशी त्याला घरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेली होती. गॅरेजची ट्यूब लुकलुकत होती, धड लागत नव्हती आणि धड विझत नव्हती. गाडीच्या दिव्यांनी स्कूटरची सावली भिंतीवर पडली, हँडलचे दोन्ही हात वर करून कोणी उभं असावं तशी. सलिलने ब्रेकवरचा पाय किंचित उचलला. गाडी सरकू लागली. ठोकळाही सरकू लागला.

टण्.

एकच ठोका. लोखंडावर लोखंड. मोठा नाही, पण असा की पाय आपोआप ब्रेकवर गेला.

सलिल उतरला. गॅरेजमध्ये कोणी नव्हतं. शटरबाहेर कोणी नव्हतं. त्याने वाकून बंपर आणि स्कूटर यांच्यामध्ये हात घातला. बरोबर चार बोटं मावली. मागे शटर ओढलं, ते अलगद खाली आलं.

त्याच्या मानेवर काटा आला तो आवाजाने नव्हे, चार बोटांनी. कुठल्याही दोन वस्तूंमध्ये चार बोटं ठेवावीत, असं अण्णा म्हणायचे. कपाट आणि भिंत, ताट आणि वाटी, फ्रिज आणि ओटा. टूलरूममध्ये मायक्रोमीटर वापरणारा हा माणूस घरात मात्र बोटांनी मोजायचा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टण्. पुन्हा चार बोटं. तिसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम वेगळ्या कोनातून गाडी आत घेतली. टण्. चार बोटं.

रात्री जेवताना त्याने विषय काढला. क्षिप्राचा घास हातातच राहिला. "अरे, चेष्टा करतोयस का?"

"शप्पथ. स्कूटरच्या मागून येतो आवाज. भिंतीतून आल्यासारखा."

"पप्पा, पाइप असेल," उर्वी म्हणाली.

"पाइपला कसं कळणार गाडी कुठे आलीय ते?"

सगळ्यांनी सुमतीबाईंकडे बघितलं. त्या आमटी वाढत होत्या. "मला कुठलं ऐकू येतंय हल्ली," त्या म्हणाल्या. "पण वाजलं असेल. ह्यांचा जीव होता त्या गॅरेजमध्ये. आणि भात घे अजून, किती कमी घेतलास."

त्यानंतर सलिलचं गाडी लावणं बदललं. तो फाटकाशी आला की एफएम बंद करायचा, काच खाली करायचा आणि हलक्या आवाजात म्हणायचा, "आलो, अण्णा." मग डोळे जवळजवळ मिटून गाडी सोडून द्यायची. टण् झालं की ब्रेक. अण्णांचं आयुष्यात जेवढं ऐकलं नव्हतं तेवढं तो आता ऐकत होता. मोटार विम्याचे कागद कुठे ठेवावेत हेही त्याने एकदा स्कूटरला विचारून बघितलं. त्यावर मात्र काही वाजलं नाही.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच आठवड्यात समोरचे बाबुराव टॉर्च घेऊन हजर झाले. बाबुराव म्हणजे अण्णांचे तीस वर्षांचे मित्र. मोहने गावच्या कारखान्यात त्यांची हयात गेली. ते पक्के बुद्धिवादी. अण्णा थोडे श्रद्धाळू, त्यामुळे दोघांचं रोज वाजायचं आणि रोज चहाही व्हायचा.

"सलिल, हे मी चालू देणार नाही," ते म्हणाले. "आमच्या जुन्या शेडमध्ये पांढरं काहीतरी दिसतं म्हणून माणसं रात्रपाळी सोडून पळायची. मी एकटा गेलो. कोणीतरी वाळत घातलेला सदरा होता तो. मी आज इथेच बसतो. तू गाडी आण."

त्यांनी प्लास्टिकची खुर्ची स्कूटरला लागून ठेवली आणि टॉर्च मांडीवर घेऊन बसले. सलिलने गाडी आत घातली. काका पुढ्यात बसलेत हे त्याला दिसत होतं, पण सवयीने त्याचं सगळं लक्ष कानात होतं. गाडी येत राहिली.

"येऊ दे," बाबुराव म्हणाले. "येऊ दे... येऊ दे... अरे, आता..."

टण्!

सलिल थांबला. बाबुराव खुर्चीसकट उभे राहिले, म्हणजे खुर्ची त्यांना चिकटून आली. गुडघा आणि बंपर यांच्यात चार बोटं होती.

"पत्रा," ते भिंतीवर टॉर्च मारत म्हणाले. "दिव्यांच्या उष्णतेने पत्रा प्रसरण पावतो."

"काका, भिंतीत पत्रा कुठाय?"

"मग भिंत प्रसरण पावत असेल."

ते घरी गेले. पण सकाळी सलिल दूध घ्यायला बाहेर आला तर अर्धवट उघड्या शटरसमोर बाबुराव फिरायला जायच्या बुटांत उभे होते आणि आत बघून हळू आवाजात बोलत होते. "अण्णा, तुम्ही नाही आहात हे मला पूर्ण माहीत आहे. पण समजा असलातच, तर गुडघ्याबद्दल आभारी आहे." सलिल पाय न वाजवता मागे फिरला.

मग उर्वीने विज्ञान हातात घेतलं. तिने फोन रेकॉर्डिंगला लावून स्कूटरच्या सीटवर ठेवला. सलिलने नेहमीप्रमाणे गाडी लावली. रात्री जेवणाच्या टेबलावर सगळे डोकी जवळ आणून बसले. बाबुरावांनाही बोलावलं होतं. ते नको नको म्हणत आले होते.

फोनमधून इंजिनाची घरघर आली. मग, "आलो, अण्णा."

"पप्पा, तुम्ही हे रोज बोलता? कसलं क्रिंज."

"गप गं. ऐक."

टण्. आणि त्याच्या पाठोपाठ, कान दिल्याशिवाय कळलंही नसतं असं, अगदी बारीक, किण्ण्.

उर्वीने ते पुन्हा लावलं. आणखी एकदा लावलं. घरात पंख्याचाही आवाज मोठा वाटू लागला.

"बांगड्या आहेत," क्षिप्रा कुजबुजली.

"अण्णा आजोबा बांगड्या घालायचे?" उर्वीने विचारलं.

"म्हणजे हे अण्णा नाहीतच," क्षिप्रा म्हणाली. "ही कोणीतरी बाई आहे."

सुमतीबाईंना खोकला आला. "मला काही ऐकू येत नाहीये. वरण गार होतंय सगळ्यांचं," म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या.

बाबुरावांनी ताट जरा पुढे सारलं. मग म्हणाले, "सलिल, एक सांगू? मी मानत नाही, पण सांगतो. अण्णा ती फियाट कशी आत घालायचे आठवतंय ना? पुढे बघायचेसुद्धा नाहीत. गल्लीतली माणसं बघायला थांबायची. मी एकदा विचारलं, हे तुम्हाला जमतं कसं? तर इकडेतिकडे बघून म्हणाले, बाबुराव, कोणाला सांगू नका. माझी आई वाजवते."

"आजी?" सलिल म्हणाला. "पण आजी तर हा बंगला बांधायच्या आधीच..."

"तेच तर," बाबुराव म्हणाले. भात न घेताच ते उठले आणि क्षिप्राने त्यांना फाटकापर्यंत सोबत दिली. परत येताना तिला सोबत द्यायला उर्वीला जावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून सलिल फाटकाशी थांबून म्हणू लागला, "आलो, अण्णा. आलो, आजी." टण् चुकत नव्हतं. चार बोटंही चुकत नव्हती. पण आता त्याला त्या आधाराची भीती वाटू लागली होती. गाडी लावून झाल्यावर तो गॅरेजमधून पाठ न दाखवता बाहेर यायचा. क्षिप्राने तर गॅरेजमध्ये पाऊल टाकणंच सोडलं आणि शेवटी तिने ठरवलं की आजींच्या नावाने एखादी शांती करून घ्यायची.

"तिथी बघून ये कॅलेंडरवर," तिने सलिलला सांगितलं. "स्वयंपाकघरात आहे."

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर ओट्याशेजारच्या भिंतीवर होतं. तिथला उजेड कमी म्हणून सलिलने ते खिळ्यावरून काढलं, आणि कॅलेंडरमागे भिंत नव्हती.

तिथे एक झरोका होता. दोन वह्या मावतील एवढा, आत तीन लोखंडी गज आणि पलीकडे जाळी. घराचं जोतं उंच असल्यामुळे इथे छातीशी असलेला हा झरोका गॅरेजच्या बाजूने पार छताखाली, कोळिष्टकांत होता. तिथून तो कधी कोणाच्या नजरेत आला नव्हता. सलिलने आत डोकावलं. खाली स्कूटरची सीट दिसत होती. गाडीचं बॉनेट दिसत होतं. दोन्हींमधली चार बोटं अशी स्वच्छ दिसत होती की ताटात वाढून ठेवावीत.

मधला गज घासून चकचकीत झाला होता आणि त्यावर वर्षानुवर्षांचे खळगे होते. हातातल्या कॅलेंडरचा खालचा कोपरा हळदीच्या बोटांनी पिवळा झाला होता. बाजूच्या खिळ्याला कड वाकलेलं लोखंडी उलथणं टांगलेलं होतं.

सलिलने उलथणं काढलं आणि गजावर मारलं.

टण्.

"जरा हळू," मागून सुमतीबाई म्हणाल्या. "एवढ्या जोरात नसतं वाजवायचं."

सलिलला एकाच वेळी हसूही आलं आणि रागही आला. "आई, तू? एवढे दिवस? मला वेड लागायची पाळी आलेली! आणि तुला तर ऐकू येत नाही ना?"

"मला सगळं ऐकू येतं," त्या शांतपणे म्हणाल्या आणि त्याच्या हातातून उलथणं काढून घेतलं. "मग काय करणार होते मी? समोर उभी राहून घसा फोडून थांब म्हटलं, तेव्हा थांबलास का? मला म्हणालास, आत जा. गेले आत. आतून एकदा वाजवलं, तर लगेच थांबलास. वर अण्णांशी बोलायलाही लागलास."

"आणि अण्णा? त्यांनाही तूच?"

"फियाट आणली त्या महिन्यात त्यांनी गाडी या भिंतीवर आपटली. इथे फळी होती माझी. वर्षाच्या लोणच्याची बरणी खाली आली. मी थांबा, थांबा म्हणून ओरडत होते, तर म्हणाले, तुला गाडीतलं काय कळतं. दुसऱ्या दिवशी मी बोललेच नाही. नुसतं वाजवलं. थांबले." त्या जराशा हसल्या. "मग एकदा मला म्हणाले, सुमती, आईचं लक्ष असतं गं माझ्यावर. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी काय बोलणार?"

"तू सांगितलंच नाहीस त्यांना? कधीच?"

"सांगितलं असतं तर थांबले असते का?"

क्षिप्रा कधीपासून दारात उभी होती. तिने त्या उलथण्याकडे पाहिलं, झरोक्याकडे पाहिलं, आणि सलिलकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

आता खरं तर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. सलिलला खजील वाटलं, आईबद्दल भरूनही आलं. त्याने तिला नमस्कारसुद्धा केला. पण भीती गेली आणि तिच्याबरोबर टण्चा दराराही गेला. पहिल्या संध्याकाळी टण् झाल्यावर तो थांबला, उतरून बघितलं आणि मनात म्हणाला, चार बोटं म्हणजे जरा जास्तच सोडते आई. दुसऱ्या दिवशी तो टण्नंतर बोटभर पुढे गेला. तिसऱ्या दिवशी दोन बोटं. काही झालं नाही. घाबरट आहे बिचारी, त्याने ठरवलं, आणि तो गुंडाळून ठेवलेला चेंडू पुन्हा खाली सोडला. या वेळी त्याने अंतर स्वतः मोजलं, टेपने, इंजिनिअरसारखं.

त्या संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं. ट्यूब पुन्हा लुकलुकत होती. सलिलने काच खाली केली. "आलो, अण्णा" वगैरे त्याने आता सोडून दिलं होतं. गाडी सरकू लागली.

टण्.

"हो गं आई," सलिल हसून म्हणाला आणि गाडी जाऊ दिली.

टण्.

हा दुसरा ठोका वेगळा होता. मोठा, आणि जवळचा, बॉनेटवर कोणी वाजवावा तसा. त्यासरशी ट्यूब विझली. चेंडू अजून काचेपासून वीतभर दूर होता. दोनदा वाजवते आता, वय झालं तिचं, सलिलच्या मनात आलं, आणि तेवढ्यात गाडी थडकली.

स्कूटर भिंतीवर रेलली, घसरली आणि आडवी झाली. काच फुटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिल्यासारखा वाटला. चेंडू हेलकावा घेऊन काचेवर आपटला, मग परत गेला, मग पुन्हा येऊन आपटला.

सलिल दार उघडून उतरला तेव्हा त्याला मागे फाटक करकरल्याचं ऐकू आलं. हातात पिशवी घेऊन सुमतीबाई बाहेरून येत होत्या.

"आई?" तो वळला. "तू आत नव्हतीस?"

"मी समोर बाबुरावांच्या घरी, त्यांच्या भीमाबाईंकडे गेले होते. शेवग्याच्या शेंगा दिल्यात त्यांच्या झाडाच्या." मग त्यांना गाडीच्या पुढे काय पडलंय ते दिसलं. पिशवी त्यांच्या हातातून खाली गेली.

क्षिप्राही पदराला हात पुसत धावत आली. "काय झालं? केवढा आवाज झाला!"

"तू वाजवलंस?" सलिलने तिला विचारलं.

"मी? मी पोळ्या लाटत होते."

सुमतीबाई स्कूटरपाशी खाली बसल्या. पुढच्या दिव्याची काच फुटली होती, आरसा मोडला होता आणि निळ्या रंगावर चांगला हातभर ओरखडा होता. त्यांनी काचेचे तुकडे एकेक करून पदरात गोळा केले. सीटवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. त्या रडल्या असत्या तर सलिलला बरं वाटलं असतं. इतकं वाईट त्याला अण्णा गेले त्या दिवसानंतर वाटलं नव्हतं.

"गाडी बाहेर काढ," त्या एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. क्षिप्रा त्यांच्या मागोमाग गेली.

सलिलने गाडी रस्त्यावर नेऊन लावली. गल्लीतल्या कुत्र्यांनी मान वर करून टपाकडे पाहिलं. तो परत आला, अंधारात चाचपडत त्याने स्कूटर उभी केली, स्टँडवर घेतली, आणि काय करावं ते न सुचून तिथेच हँडल धरून उभा राहिला. तेवढ्यात वरून, झरोक्यातून, आवाज आला.

"माझ्याकडून उशीर नाही ना झाला?" ही क्षिप्रा होती.

"नाही गं. अगदी वेळेवर वाजवलं असशील. तोच थांबला नसणार."

सलिलने मान वर केली.

"पण तुमची स्कूटर, आई. मला फार वाईट वाटतंय."

"होईल दुरुस्त. ह्यांनी स्वतः कितीदा पाडली होती ती, मी कोणाला सांगितलं नाही एवढंच." सुमतीबाईंचा आवाज जरासा ओला होता, पण ठाम होता. "आता थांबेल तो. चांगला घाबरलाय, मी बाहेरून आले तेव्हा तोंड बघितलं ना त्याचं? दोन दिवस राहू दे गाडी रस्त्यावर. मग मीच म्हणेन, आत घे. यापुढे तूच वाजवत जा. माझं मनगट दुखतं हल्ली."

सलिलला राग यायला हवा होता. पण त्याला इतकं हायसं वाटलं की तो अंधारात एकटाच हसला. बायको. आपली बायको होती. दुसरं कोण असणार.

"फक्त एक लक्षात ठेव," सुमतीबाई सांगत होत्या. "मी फाटकाशी होते, मला बाहेर ऐकू आलं. दोनदा नाही वाजवायचं. एकदाच वाजवायचं. दोनदा वाजवलं की माणूस असल्याचं कळतं."

"मी एकदाच वाजवलं, आई."

झरोक्यातून पोळी करपल्याचा वास येऊ लागला.

"एकदाच?"

"एकदाच. मग तो थांबला नाही म्हणून मी घाबरून उलथणं खालीच टाकलं."

वर कोणीतरी गॅस बंद केला. कोणीतरी घाईघाईने कॅलेंडर पुन्हा झरोक्यावर सोडलं आणि आवाज बंद झाले. गॅरेजमध्ये चेंडू अजून हलत होता. वारा नव्हता.

सलिलने हँडलवरचे हात हळूच काढून घेतले. चेंडूचा दोरा दातांनी तोडून चेंडू खिशात टाकला. मग त्याने चपला काढून हात जोडले. काहीतरी म्हणायला हवं होतं, पण अण्णा म्हणावं की आजी ते कळेना. म्हणून "उद्यापासून थांबतो" एवढंच तो म्हणाला, आणि पाठ न दाखवता बाहेर येऊन त्याने शटर अगदी हलक्या हाताने खाली ओढलं.